आपलें गाणें, दुसऱ्याचे कान

आमच्या पुतण्यानें दोन वर्षांपूर्वीं एक डोंगरी मोटार विकत घेतली. जेथें रस्ता संपतो तेथें हिचें काम सुरू होतें, असें त्यानें आम्हांस मोठ्या अभिमानानें सांगितलें. आणि रस्ता संपतो तेथें जाण्याचें प्रयोजन काय, असें आम्हीं विचारलें तेव्हां 'काका, शांतता!' असें एका शब्दांत उत्तर दिलें. तीन महिन्यांनीं तोच पुतण्या पुन्हा आला तो ह्या गाडींतील गाण्याची व्यवस्था सुधारावयाची आहे म्हणून. गाडीबरोबर आलेले स्पीकर त्याच्या मतें अगदींच 'पत्र्याचे' होते. त्यांच्या जागीं दुसरे बसवावे, निराळा अँप्लिफायर घ्यावा, आणि मागच्या आसनाखालीं खर्जाचे स्वर उठविणारी एक पेटी ठेवावी, असा त्याचा बेत होता. खर्च बराच होता. आम्हांस गाण्याचा नाद आहे हें घरांत सर्वांना ठाऊक असल्यामुळें त्यानें निम्म्या रकमेसाठीं आमच्याकडे शब्द टाकला, आणि आम्हींही फारसे आढेवेढे न घेतां ती दिली. पुढें जें घडलें त्यांत आमचा वांटा किती, हें ठरवितांना वाचकांनीं ही निम्मी रक्कम विसरूं नये.

शांततेसाठीं घेतलेल्या गाडींत गाण्याची एवढी सिद्धता कशाला, अशी थट्टा कोणालाही सुचेल. आम्हींही ती केली. परंतु तिचें मोल थट्टेपुरतेंच. माणसाला शांतता हवी असते आणि गाणेंही हवें असतें. एकाच दिवसांत दोन्ही हवीं असलीं तर त्यांत विसंगति ती कसली? भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांत शोधणारे तुकोबा देहूस परत येऊन कीर्तनालाच उभे राहत, असें परंपरा सांगते. प्रश्न आहे तो निराळाच. आपल्या सुखासाठीं आपण जो ध्वनि उत्पन्न करतों, त्यावर आपली मालकी कोठवर चालते, हा तो प्रश्न. पैसा पेटींत राहतो, अन्न ताटांत राहतें, दिव्यापुढें पडदा ओढला कीं उजेड घरांतच थांबतो. ध्वनीला मात्र कुंपण मानवत नाहीं. आणि ज्याच्या कानीं तो पडतो त्याला डोळ्यांप्रमाणें कान मिटून घेण्याची सोय देवानें दिलेली नाहीं. पुण्यामुंबईच्या लोकांना हा प्रश्न गणेशोत्सवांत सुचतो, आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं ते तो विसरतात. आम्हांस तो एका पावसाळी रात्रीं, शहरापासून पुष्कळ दूर, एका डोंगराच्या पायथ्याशीं भेटला. आणि अजून त्यानें आमची पाठ सोडलेली नाहीं.

मोटारींत गाणें आणण्याची कल्पना कांहीं आजची नव्हे. १९३० सालीं अमेरिकेंत पॉल गॅल्व्हिन ह्याच्या कारखान्यानें मोटारींत बसविण्याचा रेडिओ बाजारांत आणला. मोटार आणि त्या काळचें प्रसिद्ध व्हिक्ट्रोला नांवाचें गाण्याचें यंत्र ह्यांच्या नांवांची सांगड घालून त्याला 'मोटोरोला' असें नांव दिलें, आणि पुढें कारखान्यालाही तेंच चिकटलें. त्या वेळची मोठी अडचण अशी कीं, एंजिनांत ज्या ठिणग्या उडतात त्यांची खरखर रेडिओंत उतरे आणि गाण्याच्या बरोबरीनें एंजिनही गाऊं लागे. जीपच्या बाबतींत तर गाण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या महायुद्धांत विलीज व फोर्ड ह्यांच्या कारखान्यांतून ह्या गाड्या सहा लाखांवर बाहेर पडल्या. त्यांत माणसें, बंदुका, जखमी शिपाई ह्यांना जागा होती, गाण्याला नव्हती. मात्र ज्या गाड्या बिनतारी यंत्रांच्या आसपास वावरावयाच्या त्यांच्या ठिणग्यांची खरखर दाबून टाकीत, आणि ती तशी दाबलेली आहे ह्याची खूण म्हणून अमेरिकन सैन्यांत गाडीच्या क्रमांकापुढें 'एस्' हें अक्षर रंगवीत. आम्हांस ह्या अक्षराचें मोठें कौतुक वाटतें. आपली गाडी दुसऱ्याच्या ऐकण्याच्या आड येत नाहीं, असें तिच्या अंगावर लिहून ठेवण्याची बुद्धि माणसाला व्हावी, आणि तीही युद्धांत व्हावी, हें नवल नव्हे काय?

आपल्याकडे १९४७ पासून महिंद्रांच्या कंपनीनें मुंबईस विलीज गाड्या जोडण्यास आरंभ केला, आणि आज सह्याद्रींत हौसेनें फिरविल्या जाणाऱ्या कित्येक गाड्या त्याच वंशांतल्या आहेत. वंशाचे गुण अंगांत उतरलेले आहेत, तसे दोषही. पेटीसारखें चौकोनी अंग, जवळ जवळ उभी समोरची कांच, खोल नक्षीचीं रुंद चाकें, आणि डोक्यावर कापडाचें किंवा काढतां येणारें छत. वारा कांचेवर आपटतो, चाकें डांबरावर घोंघावतात, पावसाचा प्रत्येक थेंब छतावर आपली हजेरी लावतो. चिखलपाण्यांतून जावयाचें म्हणून तळाला पाणी सोडून देण्याचीं भोंकें ठेवावीं लागतात. २०२० सालीं निघालेल्या नव्या थार गाडींत तर स्पीकर छतालाच बसविलेले आहेत. पाण्यापासून ते सुरक्षित राहतात, हें खरें. पण गाणें समोरून येत नाहीं, डोक्यावर बरसतें. तात्पर्य, गाणें ऐकण्यास इतकी प्रतिकूल जागा शोधून काढावी म्हटलें तरी सांपडणें कठीण. आणि म्हणूनच कीं काय, ती सुधारण्याचा मोह अनावर होतो.

ज्या कारागिराकडे पुतण्या आम्हांस घेऊन गेला तो पन्नाशी उलटलेला, मितभाषी, आणि धंद्याच्या दृष्टीनें पाहतां थोडा वेडाच म्हणावा असा गृहस्थ होता. कारण गिऱ्हाईक पैसे घेऊन दारांत उभें असतां काय विकत घेऊं नये हेंच त्यानें आधीं सांगितलें. तो म्हणाला, 'साहेब, आधी गाडी गप करा, मग गाणं वाढवा.' दारांच्या व तळाच्या पत्र्याला आंतून ब्यूटिल रबराचे, पाठीवर अॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असलेले तुकडे चिकटवावे, म्हणजे पत्र्याची थरथर जिरते. त्यावर फोमचा थर द्यावा. दारांचीं झिजलेलीं रबरें बदलावीं. आणि मग पाहावें कीं नवा अँप्लिफायर लागतो तरी काय. ह्या सांगण्यामागें पक्का हिशेब होता. ध्वनीची शक्ति दुप्पट केली तर डेसिबलांच्या मापांत फक्त ३ ची भर पडते. कानाला आवाज दुप्पट वाटावयाचा तर शक्ति सुमारें दसपट करावी लागते. उलट गाडींतला गोंगाटच ५ डेसिबलांनीं उतरविला, तर गाण्याला जो उठाव मिळतो तोच मिळविण्यासाठीं अँप्लिफायरची शक्ति तिपटीहून अधिक वाढवावी लागली असती. शिवाय कानावरचा भार वाढत नाहीं तो नाहींच. हा भार थट्टेचा विषय नव्हे. अमेरिकेंतील कामगारांच्या आरोग्याची चिंता वाहणाऱ्या सरकारी संस्थेनें ८५ डेसिबलांच्या आवाजांत दिवसाकांठीं आठ तास ही मर्यादा घातली आहे, आणि पुढें दर ३ डेसिबलांस वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलांवर अवघा एक तास. जो मनुष्य गोंगाटाला गोंगाटापेक्षां मोठ्यानें उत्तर देतो, तो हा तास घाट चढण्यापूर्वींच खर्चून बसतो.

पुतण्याला हिशेब समजला, पटलाही. पण जें दिसत नाहीं त्यावर पैसा घालणें त्याच्या जिवावर आलें. रबराचे तुकडे दारांच्या पोटांत गडप होणार, ते मित्रांना दाखवावयाचे कसे? अँप्लिफायर, नवे स्पीकर आणि खर्जाची पेटी हींच प्रथम बसवावीं, गाडी 'गप करण्याचं' पुढच्या वर्षीं पाहूं, असें ठरलें. कारागिरानें एकवार आमच्याकडे पाहिलें. आम्ही वयानें मोठे, शिवाय निम्म्या पैशाचे धनी. आम्हीं एक शब्द टाकला असता तर निर्णय फिरला असता. आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत राहिलों.

आणि पहिल्या दिवशीं आम्हांला जो आनंद झाला तो लपविण्यांत अर्थ नाहीं. वयोमानानें आमच्या कानांचा वरचा भाग, म्हणजे उंच स्वर टिपण्याची शक्ति, बरीच गेलेली आहे. ही झीज बहुतेकांना उतारवयांत लागते, आणि ती नेहमीं वरून खालीं येते. प्रथम रातकिडे जातात, मग पक्षी, मग बायकामुलांच्या बोलण्यांतले स आणि श. पुतण्यानें नव्या यंत्रांत हे उंच स्वर मुद्दाम चढविले आणि अब्दुल करीम खांसाहेबांची एक जुनी ध्वनिमुद्रिका लाविली. १९३७ सालीं वारलेल्या त्या गवयाचा तीनसाडेतीन मिनिटांचा आलाप, त्यांतला श्वास, तंबोऱ्याची ती बारीक जवारी, हें सर्व आम्हांस कित्येक वर्षांनीं पुन्हा भेटलें. गाडी उभी होती, एंजिन बंद होतें, दुपारची वेळ होती. यंत्रानें माणसाचें गेलेलें कांहीं परत द्यावें, ह्याला आम्ही चैन म्हणणार नाहीं. जे लोक अशा खर्चाला सरसकट उधळपट्टी म्हणून नाक मुरडतात, त्यांचे कान अद्याप शाबूत असावेत.

आतां त्या रात्रीची गोष्ट. आषाढाचा शेवटचा आठवडा होता. मुळशीच्या पलीकडे, घाटमाथ्यावर, पुतण्याच्या ओळखीच्या एका घरीं मुक्कामास जावयाचें होतें. दिवस मावळतां मावळतां आम्ही डांबरी रस्ता सोडला. पाऊस असा होता कीं, कांचेवरचे पुसणे नुसते हात हालवीत होते. छताचा ताशा, चाकांची घरघर आणि एंजिनाची ओढ ह्यांतून गाणें वर काढण्यासाठीं पुतण्या मधून मधून आवाज चढवीत होता. प्रत्येक वेळीं थोडाच, सहज, न कळत. आम्हींही त्याला एकदां 'अरे, जरा वाढव' असें सांगितल्याचें स्मरतें. एका लहानशा वाडीच्या कडेला धुकें इतकें दाटलें कीं पुढची वाट दिसेना. म्हणून त्यानें एका झाडाखालीं गाडी उभी केली आणि एंजिन बंद केलें. कांचा अर्थातच वर होत्या. चाकांचा आणि एंजिनाचा आवाज गेला. गाणें मात्र धांवत्या गाडीसाठीं जेवढें चढविलें होतें तेवढेंच राहिलें. आंत बसलेल्या आम्हांला ह्यांत वावगें कांहींच वाटलें नाहीं, उलट आतां कोठें नीट ऐकूं येऊं लागलें असें वाटलें.

दोनतीन मिनिटें गेलीं असतील. वाडींतल्या एका दारांत विजेरीचा उजेड दिसला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. माणसें बाहेर येऊन भर पावसांत अंगणांत उभीं राहिलीं. एका बाईच्या खांद्यावर गोणपाटाच्या खोळींत गुंडाळलेलें मूल होतें, एक म्हातारा गाईचें दावें सोडीत होता. आम्हांला वाटलें, अनोळखी गाडी पाहून आलीं असतील. पण त्यांची नजर आमच्याकडे नव्हती. तीं सर्व डोंगराकडे पाहत होतीं.

पुतण्यानें दार उघडलें तेव्हां गाणें एकदम बाहेर सांडलें, आणि मग त्या माणसांच्या माना आमच्याकडे वळल्या. मूल घेतलेली बाई जवळ आली. ती रागावली असती तर आम्हांस बरें वाटलें असतें. ती हंसली, भीति उतरल्यावर माणूस हंसतो तसें. म्हणाली, 'गाणं हाय व्हय! आम्हाला वाटलं, डोंगर आला.' आणि लगेच, 'पावसात कशापायी बसलासा, चला, च्या घ्या.'

डोंगर येणें म्हणजे काय, हें त्या भागांत कोणाला समजावून द्यावें लागत नाहीं. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं आंबेगांव तालुक्यांतलें माळीण गांव दरडीखालीं गेलें आणि दीडशेंच्या वर माणसें प्राणांस मुकलीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतली इरशाळवाडी तशीच गेली. मधल्या २०२१ सालच्या जुलैंत महाडजवळचें तळिये. तेव्हांपासून घाटमाथ्यावरचीं माणसें पावसाळ्यांत एक कान उघडा ठेवून निजतात. दरडीच्या धोक्याविषयीं ज्या सूचना दिल्या जातात त्यांत कडाडणारीं झाडें, आपटणारे दगड आणि जमिनींतून येणारी घरघर ह्यांकडे लक्ष ठेवावें असें सांगितलेलें असतें. म्हणजे त्या रात्रीं तीं माणसें जें करीत होतीं तें अगदीं शहाणपणाचें होतें. तीं ऐकत होतीं. आणि त्यांच्या ऐकण्याच्या वाटेंत आमची निम्म्या पैशाची पेटी बसली होती.

येथें कोणी विचारील, गाण्याची दरड कशी झाली? हें नीट समजून घेतल्यावांचून आमचा प्रश्न पुरता समजणार नाहीं. भिंतीचा किंवा पत्र्याचा अटकाव सर्व स्वरांना सारखा होत नाहीं. वजनाचा जो स्थूल नियम आहे त्याप्रमाणें ध्वनीचीं कंपनें निम्मीं झालीं कीं तो अटकाव सुमारें ६ डेसिबलांनीं घटतो. गाणाऱ्याचे शब्द, सारंगीची तार, टाळांची किणकिण हीं आंतच अडतात. सेकंदास ५० कंपनांचा खर्ज मात्र पत्रा, कांच व कापड ह्यांना न जुमानतां बाहेर पडतो. अशा स्वराची एकेक लाट सुमारें ७ मीटर लांब असते, आणि गाडीची लांबी ४ मीटरांच्या आसपास. ती लाट गाडींत मावावयाची कशी? म्हणून बाहेर उभा असलेला मनुष्य गाणें ऐकतच नाहीं. त्याला ऐकूं येते ती नुसती धडधड. आम्ही आंत बसून ज्याला संगीत म्हणत होतों त्याचा सगळा गोडवा आम्हीं आपल्यापाशीं ठेवून घेतला होता, आणि वाडीच्या वांट्याला त्याचें टरफल टाकलें होतें. 'मी चांगलीं गाणीं लावतों, लोकांनाही आनंदच होतो' असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनीं एकदां गाडीच्या बाहेर, वीस पावलांवर, कांचा बंद करवून उभें राहावें.

चहा झाला, मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशीं परत येतांना यंत्र बंदच होतें, आणि त्यामुळें बोलणें झालें. पुतण्याचें म्हणणें असें, 'काका, मी मुद्दाम केलं का? मला कसं कळणार?' त्याचा हेतु वाईट नव्हता हें आम्ही मान्य करतों. परंतु कारागिरानें गाडीच्या थरथरीविषयीं सांगितलें होतें, आणि पेटीच्या धक्क्यानें दाराचा पत्रा बाहेरून हाताला लागतो हें पहिल्याच दिवशीं कळलें होतें. हाताला जें लागतें तें कानाला लागणार नाहीं, असें मानण्यांत केवळ अज्ञान होतें काय? अज्ञानाचे दोन प्रकार आहेत. एक माहिती नसल्याचा, दुसरा विचारावयाचेंच नाहीं असा. दिनदर्शिकेकडे पाहत राहण्याचा आमचा प्रकार दुसऱ्या वर्गांतला होता, म्हणून आम्हीं पुतण्याला बोल लाविला नाहीं.

मग तो म्हणाला, 'त्यांच्या लग्नांत, जत्रेंत ह्याच्या दसपट वाजतं.' हा आक्षेप वजनदार आहे. त्याला शहरी तोंडानें उत्तर देणें शोभत नाहीं. खेड्यांतले लोक मुके नव्हेत, आणि रस्ता तर आपल्याकडे कधींच मुका नव्हता. बैलांच्या गळ्यांत घुंगुरमाळा असत. गाडीवान रात्रभर गात गाडी हांकी. दिंडी गांवांत शिरे ती टाळमृदंगाच्या गजरांत. त्या ध्वनींनाही कोणाची परवानगी नव्हती. तर मग भेद काय? आम्हांस दोन दिसतात. घुंगुरमाळ वाजली कीं गाडी आली हें कळतें. ती गाडीचेंच नांव सांगते. लग्नाचा बाजा कोणाच्या दारचा हें गांवाला ठाऊक असतें. जो आवाज स्वतःची ओळख देतो त्याचा त्रास होईल, भीति वाटत नाहीं. आमच्या धडधडीला नांव नव्हतें, म्हणून ऐकणाऱ्याला तिला नांव द्यावें लागलें, आणि त्यानें आपल्याजवळ जें सर्वांत भयंकर नांव होतें तें दिलें. दुसरा भेद असा कीं, गाडीवानाचा गळा थकतो, बैल थकतो, मृदंग्याचे हात दुखतात. ध्वनि उत्पन्न करणाऱ्याला त्यासाठीं कांहीं किंमत द्यावी लागे, आणि ती किंमतच मर्यादा घाली. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर दमत नाहीं. जी मर्यादा पूर्वीं छातीच्या दमानें राखली ती आतां बुद्धीनें राखावयाची आहे, आणि बुद्धि छातीपेक्षां फार लवकर पळवाट काढते.

कायद्याची तरी मदत होईल, असें वाचकांस वाटेल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं वसतीच्या भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. खाजगी ध्वनियंत्राचा आवाज त्या खाजगी जागेच्या हद्दीवर ह्याहून ५ डेसिबलांपेक्षां अधिक नसावा. सर्वोच्च न्यायालयानें जुलै २००५ च्या निकालांत असा आशय स्पष्ट केला कीं, बोलण्याचा हक्क असला तरी दुसऱ्याला ऐकावयास भाग पाडण्याचा हक्क कोणाला नाहीं. हें सर्व उत्तम आहे. पण ज्या जागेची हद्द ताशीं साठ किलोमीटर वेगानें पळते तिच्यावर माप लावावयाचें कोणीं? आणि माप लाविलें तरी एक गंमत आहे. हे डेसिबल ज्या 'ए' मापानें मोजतात तें माणसाच्या कानाच्या प्रकृतीला धरून रचलेलें आहे, आणि मंद आवाजांत कान खर्जाविषयीं जरा बहिराच असतो. म्हणून त्या मापांत ५० कंपनांच्या स्वराला सुमारें ३० डेसिबलांची सूट मिळते. म्हणजे ज्या धडधडीनें एक वाडी अंगणांत आली, तिच्याकडे यंत्र फारसें लक्षच देत नाहीं. कागदोपत्रीं त्या रात्रीं आम्ही निर्दोष ठरलों असतों, असें आम्हांस वाटतें. ह्या विचारानें आम्हांला मुळींच समाधान झालें नाहीं.

इतका वेळ आम्ही गाडीच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसांविषयीं बोललों. आंत बसलेल्याचें काय? डोंगरांत जाऊन गाणें लावणें हा डोंगराचा अपमान आहे, असें म्हणणाऱ्यांच्या पंगतीस आम्ही बसत नाहीं. डोंगर एवढ्यानें अपमानित होत असता तर तो केव्हांच उठून गेला असता. तरी एक अनुभव सांगावासा वाटतो. परतीच्या वाटेवर, यंत्र बंद असतां, एका ओढ्याच्या चढावर पुतण्यानें खालचा गिअर घातला आणि दोन्ही कांचा खालीं केल्या. कारण विचारतां म्हणाला, दगड तळाला घासतो कीं नाहीं, चाक धरतें कीं नुसतें फिरतें, हें कानांनींच कळतें. जाणते लोक अवघड जागीं गाणें बंदच करतात. म्हणजे ज्या जागेसाठीं ही गाडी केली, नेमक्या त्या जागीं गाण्याला रजा द्यावी लागते! ओढा ओलांडून वर आल्यावर त्यानें गाडी थांबविली व बोट ओठांवर ठेविलें. शीळकरी कस्तूर, म्हणाला. पाहा, माणसानें शीळ घालावी तसा. हा पक्षी पावसाळ्यांत ओढ्यांच्या कांठीं गातो हें आम्हांस ठाऊक आहे, तरुणपणीं आम्हीं तो ताम्हिणींत ऐकला आहे. आतां पाण्याच्या खळखळाटांतून तो आमच्यापर्यंत पोंचला नाहीं. पुतण्याच्या चेहऱ्याकडे पाहून आम्हीं तो ऐकला असें म्हणावयास हरकत नाहीं. आमचें गेलेलें ऐकणें एका यंत्रानें परत दिलें होतें; त्याचें असलेलें ऐकणें तेंच यंत्र रोज थोडें थोडें घेत होतें. हा सौदा आम्हीं निम्मे पैसे देऊन ठरविला होता, हें तेथें त्या ओढ्याच्या कांठीं आमच्या ध्यानांत आलें. आम्हीं 'सुरेख' असें म्हटलें, आणि तो पक्षी आम्हांला ऐकूं आला नाहीं हें त्याला सांगितलें नाहीं.

दिवाळीच्या सुमारास गाडी पुन्हा त्या कारागिराकडे गेली. दारें उघडून आंत रबराचे तुकडे चिकटविले, तळाला फोमचा थर दिला, रबरें बदललीं. ह्या खेपेस दोनतृतीयांश रक्कम आमची होती. गाडी पुष्कळ गप झाली आहे. पूर्वीं जें गाणें ऐकण्यासाठीं आवाज विसावर न्यावा लागे तें आतां बारावर पुरतें. खर्जाची पेटी काढून टाकावी असें आमचें मत. पेटी ठेवावी, पण वाडीवस्ती दिसली कीं तिची वेगळी कळ खालीं आणावी, असें पुतण्याचें. तूर्त पेटी आहे. तिच्या कळीवर त्यानें पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली आहे, हिच्यापुढें जावयाचें नाहीं म्हणून. रेघ ओढतांना तो कळ फिरवीत होता आणि आम्ही छत्री घेऊन वीस पावलांवर उभे होतों. आम्हीं हात वर केला तेथें त्यानें रेघ ओढली. पण आमचे कान कसे आहेत हें आतां वाचकांस ठाऊक आहे. म्हणून येत्या श्रावणांत त्याच वाडीला जाऊन, त्या बाईला गाडीपासून वीस पावलांवर उभी करून, रेघ पुन्हा तपासावी असें आम्हीं सुचविलें आहे. पुतण्याला हें फार अवघडल्यासारखें वाटतें. अद्याप त्यानें होकार दिलेला नाहीं.